जुना डिजिटल कॅमेरा: खोड कुठली आणि बिघाड कुठला?

कपाटाच्या वरच्या फळीवर पंधरा-वीस वर्षं पडून राहिलेले छोटे डिजिटल कॅमेरे सध्या पुन्हा बाहेर निघतायत. कॉलेजातली मुलं आई-बाबांचा जुना ‘डिजिकॅम’ मागून नेतात. मुंबईत फोर्टमधल्या बोरा बाजारात किंवा ऑनलाइन जुन्या वस्तूंच्या बाजारात जाऊन काही जण मुद्दाम असा कॅमेरा शोधतात. बॅटरी चार्ज करून कॅमेरा चालू केला की मात्र एकेक तक्रार सुरू होते. तारीख भलतीच दाखवतो, ‘कार्ड लॉक आहे’ म्हणतो, नवे सेल टाकले तरी पाच मिनिटांत मान टाकतो, पांढरा सदरा मळकट दिसतो, आकाशात काळपट ठिपके येतात. घरातलं कुणीतरी ‘गेला तो आता’ असं म्हणतं आणि कॅमेरा परत फळीवर जातो.

मला याचं मनापासून वाईट वाटतं, कारण यातल्या बहुतेक तक्रारी बिघाडाच्या नसतातच. त्या यंत्राच्या खोडी असतात. खोडीमागचं कारण कळलं की उपाय घरच्या घरी होतो आणि त्याला खर्चही जवळजवळ येत नाही. खरा बिघाड ओळखता येणंही तितकंच महत्त्वाचं, कारण तिथे हात घातला तर नुकसान होतं.

## आधी आत काय चालतं ते

लेन्समधून आलेला प्रकाश सेन्सरवर पडतो. सेन्सर म्हणजे प्रकाश मोजणाऱ्या लाखो सूक्ष्म बिंदूंची एक छोटी चौकट. प्रत्येक बिंदूवर किती प्रकाश पडला याचा आकडा तयार होतो, आतला छोटा संगणक त्या आकड्यांचं चित्र बनवतो आणि ते कार्डवर लिहितो. १९७५ साली कोडॅकमध्ये स्टीव्ह सॅसन या अभियंत्याने पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला. त्याचं चित्र १०० बाय १०० बिंदूंचं होतं आणि ते कॅसेटच्या फितीवर उतरायला २३ सेकंद लागायची. वेग आणि बिंदूंची संख्या प्रचंड वाढली, पण कामाचा क्रम अजूनही तोच आहे.

त्यामुळे शंका घेण्यासारख्या जागा चारच: वीज, कार्ड, प्रकाशाचा अंदाज आणि लेन्सपासून सेन्सरपर्यंतची वाट. तक्रार आली की एका वेळी एकच गोष्ट बदलून बघा. दुसरं कार्ड, मग दुसरी बॅटरी, मग दुसऱ्या खोलीतला उजेड. सगळं एकदम बदललं तर दोष कुठे होता ते कधीच कळत नाही.

## दर वेळी तारीख का पुसली जाते?

ही सगळ्यात जास्त वैताग देणारी खोड. मुख्य बॅटरी काढली तरी घड्याळ चालू राहावं म्हणून कॅमेऱ्यात एक चिमुकला सेल वेगळा असतो. बऱ्याच मॉडेलांत तो आत कायमचा बसवलेला असतो आणि मुख्य बॅटरीकडूनच चार्ज होतो. कॅमेरा वर्षानुवर्षं पडून राहिला की हा सेल पूर्ण उतरतो. आपण बॅटरी बाहेर काढून चार्जरला लावतो, फोटो काढण्यापुरती आत घालतो, पुन्हा काढतो, आणि त्या बिचाऱ्याला चार्ज व्हायला वेळच मिळत नाही.

म्हणून पूर्ण चार्ज केलेली बॅटरी कॅमेऱ्यात घालून, कॅमेरा बंद करून, एक-दोन दिवस तसाच ठेवा. मगच तारीख लावा. बऱ्याचदा एवढ्याने भागतं.

काही कॅमेऱ्यांत हा सेल बदलता येतो. कॅननच्या पॉवरशॉट ए मालिकेतल्या बऱ्याच जुन्या मॉडेलांत त्यासाठी एक छोटासा कप्पा आहे आणि त्यात सीआर १२२० हा बटण सेल बसतो. घड्याळवाल्याकडे तो मिळतो. तुमच्या कॅमेऱ्यात असा कप्पा आहे का, हे बॅटरीच्या झाकणाच्या आत नीट उजेड पाडून बघा.

आतला सेल कायमचा मेला असेल आणि बदलता येत नसेल तरी कॅमेरा टाकायची गरज नाही. फोटो काढायला निघालात की पहिला फोटो मोबाइलवरच्या घड्याळाचा काढा, तारीख आणि वेळ दोन्ही दिसतील असा. घरी आल्यावर तो फोटो उघडला की त्यात खरी वेळ दिसते, आणि फोटोच्या माहितीत कॅमेऱ्याने लावलेली चुकीची वेळ. दोन्हींतला फरक त्या दिवशीच्या सगळ्या फोटोंना सारखाच असतो, मधे बॅटरी काढली नसेल तर. ही माहिती फोटोच्या फाइलमध्येच लिहिलेली असते, तिला एक्झिफ म्हणतात. संगणकावरच्या एक्झिफटूल किंवा डिजिकॅम (digiKam, कॅमेऱ्याच्या टोपणनावासारखंच नाव) या मोफत प्रोग्रॅममध्ये तो फरक एकदा दिला की शेकडो फोटोंची वेळ एका दमात पुढे सरकते. आधी मूळ फोटोंची एक प्रत वेगळी ठेवा.

तारखेचं एवढं काय, असं कुणी म्हणेल. पण मोबाइलमधली गॅलरी आणि ऑनलाइन साठवण, दोन्ही फोटो लावतात ते याच वेळेवर. कालच्या साखरपुड्याचे फोटो २००५ सालात जाऊन बसले तर पुढे ते शोधणार कोण? घरातल्या दोन कॅमेऱ्यांचे फोटो एकत्र करायचे असतील तर क्रमही लागत नाही, मंगलाष्टकांच्या आधी जेवणाच्या पंगती दिसतात.

फोटोच्या कोपऱ्यात नारंगी आकड्यांत छापली जाणारी तारीख मात्र वेगळी. ती चित्रातच उमटते, नंतर सरळ करता येत नाही. तो पर्याय मेनूत बंद करून ठेवा.

## त्याच नावाची फाइल पुन्हा?

कॅमेरे फोटोंना चार आकडी क्रमांक देतात, ०००१ ते ९९९९. संपले की पुन्हा पहिल्यापासून. काही कॅमेऱ्यांत तर कार्ड बदललं किंवा फॉरमॅट केलं तरी मोजणी पहिल्यापासून सुरू होते. धोका इथे आहे: नवे फोटो संगणकावरच्या त्याच फोल्डरमध्ये टाकताना ‘बदलू का?’ या प्रश्नाला आपण घाईत हो म्हणतो आणि जुने फोटो जातात. मेनूत फाइल क्रमांक ‘सलग’ ठेवायचा पर्याय असेल तर तो निवडा, आणि दर वेळच्या फोटोंना तारखेच्या नावाचं वेगळं फोल्डर करा.

## ‘कार्ड लॉक आहे’, पण मी तर लॉक केलंच नाही

एसडी कार्डच्या डाव्या कडेला एक बारीक सरकपट्टी असते. गंमत अशी की ही पट्टी कार्डच्या आतल्या कशालाच जोडलेली नसते. कार्ड आत गेलं की कॅमेऱ्याच्या खाचेतला एक बारीक स्पर्शक ती पट्टी कुठे आहे एवढंच चाचपतो. पट्टी वर असेल तर लिहायला परवानगी, खाली असेल तर बंदी. जुन्या कार्डात ही पट्टी सैल होते आणि कार्ड आत ढकलतानाच खाली सरकते. कधी ती तुटून पडलेलीच असते.

अशा वेळी पातळ सेलोटेपचा अगदी लहान तुकडा कापून पट्टीच्या जागेवर, कडेवरून वळवून, घट्ट चिकटवा. कार्डच्या मागचे सोनेरी स्पर्शक मोकळे राहिले पाहिजेत आणि टेपचं टोक उचललेलं नको, नाहीतर कार्ड आतच अडकेल. स्पर्शकाला पट्टी वर असल्यासारखीच वाटते आणि कॅमेरा लिहू लागतो. हा तात्पुरता उपाय समजा. त्यातले फोटो उतरवून घेतले की नवं कार्ड घ्या.

कार्ड ओळखलंच जात नसेल तर आधी त्याची क्षमता बघा. साधं एसडी २ जीबीपर्यंत असतं, एसडीएचसी ३२ जीबीपर्यंत आणि त्यावरचं एसडीएक्ससी. एसडीएचसी आलं २००६ साली. त्याआधी बनलेल्या बहुतेक कॅमेऱ्यांना ते समजतच नाही, मग तुम्ही दुकानातून आणलेलं ६४ जीबीचं महागडं कार्ड तो नाकारणारच. अशा जुन्या कॅमेऱ्याला २ जीबीपर्यंतचं साधं एसडी कार्डच लागतं आणि त्यात शेकडो फोटो आरामात मावतात.

‘फॉरमॅट करा’ अशी सूचना आली आणि कार्डात फोटो असतील तर थांबा. फॉरमॅट करू नका, नवा फोटोही काढू नका. सोनेरी स्पर्शकांवर खोडरबर हलकेच फिरवा, भुगा कॅमेऱ्यापासून दूर झटका आणि कार्ड संगणकाला लावून बघा. फोटो पुसले गेले असले तरी त्यांच्यावर दुसरं काही लिहिलं गेलेलं नसेल तर फोटोरेकसारख्या मोफत प्रोग्रॅमने ते बऱ्याचदा परत मिळतात.

## नवे सेल आणि लगेच ‘बॅटरी संपली’

पेन्सिल सेलवर चालणाऱ्या कॅमेऱ्यांची ही नेहमीची तक्रार. कॅमेऱ्याला वीज थोडी थोडी लागत नाही. लेन्स बाहेर काढताना आणि फ्लॅश चार्ज करताना तो एकदम मोठा घोट मागतो. रिमोटमध्ये टाकायचे साधे सेल तो देऊच शकत नाहीत, अल्कलाइनचाही दाब (व्होल्टेज) त्या क्षणी खाली येतो आणि कॅमेऱ्याला वाटतं सेल संपले. रिचार्ज होणारे निकेल मेटल हायड्राइड सेल घ्या. त्यांच्यावर १.२ व्होल्ट लिहिलेलं असतं, साध्या सेलच्या १.५ पेक्षा कमी. तरी ते जास्त टिकतात, कारण मोठी मागणी आली तरी त्यांचा दाब फारसा ढळत नाही. नवे आणि जुने सेल मिसळू नका, आणि कप्प्यातल्या पत्र्यांवर पांढरट थर आला असेल तर कोरड्या कापडाने पुसून घ्या.

## पांढरं मळकट आणि काळं फिकट का दिसतं?

कॅमेऱ्याला समोर काय आहे ते कळत नाही, किती उजेड येतोय एवढंच कळतं. म्हणून त्याने एक गृहीत धरलेलं असतं: दृश्य सरासरीने मध्यम राखाडी असणार. अंगणातल्या, रस्त्यावरच्या बहुतेक फोटोंत हा अंदाज बरोबर येतो. वारीत पांढरे सदरे आणि पांढऱ्या टोप्यांनी फोटो भरून गेला की चुकतो. एवढा उजेड म्हणजे जास्तच झाला असं समजून कॅमेरा सगळं अंधारतो आणि पांढऱ्याचं राखाडी होतं. काळ्या पाषाणातल्या मूर्तीचा फोटो काढताना याच्या उलट घडतं. काळा दगड धुरकट दिसतो.

कॅमेऱ्यावर अधिक-उणे चिन्हाचं एक बटण असतं. पांढरं जास्त असेल तर अधिक एक, काळं जास्त असेल तर उणे एक. उलटं वाटेल, पण हेच बरोबर. पूर्ण ऑटोवर हे बटण चालत नसेल तर ‘पी’ मोडवर जा. बाकी सगळं तिथेही कॅमेराच ठरवतो.

रंगाचंही तसंच. सगळीकडे पिवळंच पिवळं असलं, म्हणजे हळदीच्या कार्यक्रमात, तर ऑटो व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाप्रमाणे रंग आपोआप जुळवणारी सोय, ते पिवळं कमी करायला बघतो आणि चेहरे निळसर होतात. तिथे ऑटो सोडून उजेडाप्रमाणे ‘ऊन’ किंवा ‘बल्ब’ हे चिन्ह निवडा. लाल-केशरी मांडवाखाली रंग फारच गेले असतील तर त्याच उजेडात कोरा पांढरा कागद धरून ‘कस्टम’ व्हाइट बॅलन्स लावून घ्या.

## फोटोत आणि व्हिडिओत आडवे पट्टे

घरातला दिवा सतत पेटलेला दिसतो, पण आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे. म्हणजे ती सेकंदाला ५० आवर्तनं करते आणि प्रत्येक आवर्तनात दोनदा, असे ट्यूबलाइट आणि बरेच स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात. डोळ्याला ते कळत नाही. कॅमेऱ्याला कळतं, कारण मोबाइल आणि अलीकडचे बहुतेक कॅमेरे व्हिडिओत किंवा आवाज न करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक शटरवर चित्र एकदम टिपत नाहीत, वरून खाली ओळीओळीने वाचत जातात. काही ओळी दिवा तेज असताना वाचल्या जातात, काही मंद असताना. तेच पट्टे.

उपाय हिशोबाचा आहे. शटरचा वेग, म्हणजे एका चित्रासाठी प्रकाश घेण्याचा वेळ, १/१०० किंवा १/५० सेकंद ठेवा. १/१०० सेकंदात दिव्याचा एक पूर्ण फेरा होतो, १/५० मध्ये दोन, त्यामुळे प्रत्येक ओळीला सारखाच उजेड मिळतो. १/५०० वर ठेवला तर फेऱ्याचा एक तुकडाच मिळतो आणि पट्टे हमखास. यांत्रिक शटरचा पर्याय असेल तर फोटोसाठी तो वापरा.

अमेरिकेतल्या नातेवाइकांनी आणलेल्या कॅमेऱ्यांत हा त्रास जास्त दिसतो, कारण तिथली वीज ६० हर्ट्झची आणि कॅमेरा त्या हिशोबाने लावलेला. मेनूत ‘एनटीएससी’ (अमेरिकेतली व्हिडिओची पद्धत) असेल तिथे ‘पाल’ (आपल्याकडची) करा, म्हणजे व्हिडिओ सेकंदाला २५ किंवा ५० फ्रेमचा होतो. काही मॉडेलांत हा बदल करूच देत नाहीत. मग ३० फ्रेमचा व्हिडिओ निवडून शटर हाताने १/५० वर लावा.

हे करूनही पट्टे गेले नाहीत तर दिव्याचा डिमर बघा. मंद केलेला एलईडी बऱ्याचदा स्वतःच्याच वेगळ्या वेगाने चालू-बंद होत असतो, तिथे ५० हर्ट्झचा हिशोब लागू पडत नाही. दिवा पूर्ण तेज करा.

जुन्या डिजिकॅमवर दिव्याकडे रोखून व्हिडिओ घेतला की एक उभी पांढरी किंवा जांभळट रेघ येते. ती सीसीडी प्रकारच्या जुन्या सेन्सरची जातकुळी आहे, बिघाड नाही. फोटोत ती सहसा येत नाही.

## ठिपके: हवेतले की सेन्सरवरचे?

रात्री फ्लॅश मारून काढलेल्या फोटोत गोल पांढरे फुगे तरंगताना दिसतात आणि त्यावरून घरात नको नको त्या गोष्टी बोलल्या जातात. ते हवेतले धुळीचे कण किंवा पावसाचे थेंब असतात. छोट्या कॅमेऱ्यात फ्लॅश लेन्सला अगदी खेटून असतो, जवळचा कण लख्ख उजळतो आणि फोकसबाहेर असल्यामुळे त्याचा गोळा होतो. फ्लॅश बंद करा, गोळे जातील.

लेन्स बदलता येणाऱ्या कॅमेऱ्यात, प्रत्येक फोटोत त्याच जागी काळपट ठिपका दिसत असेल तर ती सेन्सरवरची धूळ. खात्री करायला लेन्सचं छिद्र अगदी लहान करा, एफ/१६ किंवा एफ/२२, आणि मोकळ्या आकाशाचा फोटो काढा. लहान छिद्रातून येणारा प्रकाश धुळीची सावली ठसठशीत पाडतो. मोठ्या छिद्रावर तीच सावली पसरून नाहीशी होते, म्हणून हा ठिपका कधी दिसतो, कधी नाही.

सेन्सरवर चित्र उलटं पडतं. म्हणून फोटोत वर डावीकडे ठिपका असेल तर कॅमेऱ्याकडे समोरून बघताना धूळ खाली डावीकडे असते. बॅटरी पूर्ण चार्ज करा, लेन्स काढा, मेनूतला सेन्सर सफाईचा पर्याय निवडा, कॅमेऱ्याचं तोंड जमिनीकडे धरा आणि रबरी ब्लोअरने चार-सहा झोत मारा. ब्लोअरचं टोक आत घालू नका. तोंडाने फुंकर मारू नका, थुंकीचे बारीक तुषार उडतात आणि ते धुळीपेक्षा वाईट. डब्यातल्या दाबाखालच्या हवेनेही नको, त्यातला द्रव सेन्सरवर उडतो. एवढ्याने धूळ हलली नाही तर तिथेच थांबा.

## पावसाळा आणि बुरशी

थंडगार पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम फुटतो, तसंच एसीच्या खोलीतून कॅमेरा एकदम दमट हवेत आणला की लेन्सवर वाफ धरते. पुसत बसू नका. बाहेर पडण्याआधी कॅमेरा झिपच्या प्लास्टिक पिशवीत बंद करा, बाहेर आल्यावर अर्धा-पाऊण तास तसाच राहू द्या. वाफ पिशवीवर धरेल, काचेवर नाही.

वाफेपेक्षा वाईट ती बुरशी. कोकणात, गोव्यात आणि मुंबईतही चार महिने बंद ठेवलेल्या लेन्सच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसू लागतात. दमट अंधार आणि न हलणारी हवा तिला मानवते, म्हणून चामड्याच्या केसमध्ये घालून कपाटात ठेवणं सगळ्यात वाईट. हवाबंद झाकणाचा डबा घ्या, त्यात सिलिका जेलची पुडी आणि पाच-सहाशे रुपयांच्या आत मिळणारा छोटा आर्द्रतामापक ठेवा. काटा ४० ते ५० टक्क्यांच्या आसपास हवा. रंग बदलणारे नारंगी दाणे घेतलेत तर ते कधी भरले ते दिसतं. भरले की स्वयंपाकाला न वापरायच्या जुन्या कढईत मंद आचेवर कोरडे करून घ्या.

तांदळात ठेवू का, हे हमखास विचारलं जातं. नको. तांदूळ ओल फार कमी शोषतो आणि त्याची भुकटी लेन्सच्या सांध्यात जाते.

## लेन्स अडकली तर कुठे थांबायचं?

लेन्स अर्धवट बाहेर येऊन थांबते आणि पडद्यावर ‘लेन्स एरर’ किंवा जुन्या कॅननवर ‘ई१८’ असं येतं. समुद्रकिनाऱ्यावरून आल्यावर हे झालं असेल तर बहुधा वाळूचा कण नळ्यांच्या मधे बसलाय. बॅटरी काढा, लेन्सचं तोंड खाली धरून कडेने ब्लोअर फिरवा, कोऱ्या कागदाची पातळ पट्टी नळीच्या फटीतून हलकेच गोल फिरवा, मग चार्ज केलेली बॅटरी घालून तोंड खाली ठेवूनच चालू करा. हाताने ढकलू नका, आतले प्लास्टिकचे दाते बारीक असतात.

यानंतर स्क्रू मात्र काढू नका. फ्लॅशसाठी आत एक कपॅसिटर असतो, त्यात सुमारे ३०० व्होल्टचा भार साठतो आणि बॅटरी काढल्यावरही तो राहतो. हा झटका जिवावर बेतू शकतो.

चित्रच जांभळं, फाटलेलं किंवा पूर्ण काळं येत असेल, कार्ड आणि बॅटरी बदलूनही, तर तो बहुधा सेन्सरचा बिघाड. २००५ साली सोनीने बनवलेल्या काही सीसीडी सेन्सरमधला असाच दोष उघडकीला आला होता. उष्ण, दमट हवेत त्यांच्या आतल्या जोडण्या सुटत होत्या आणि ते सेन्सर अनेक नामांकित कंपन्यांच्या कॅमेऱ्यांत बसवलेले होते. कंपन्यांनी तेव्हा ते फुकट दुरुस्त करून दिले, आता ती सोय उरलेली नाही. त्यामुळे जुना कॅमेरा विकत घेताना दुकानातच स्वतःचं कार्ड घालून एक फोटो आकाशाचा, एक दिव्याखालचा, एक फ्लॅशचा काढा, झूम पूर्ण बाहेर-आत करून बघा, लेन्समधून मोबाइलच्या टॉर्चचा उजेड पाडून आत धागे आहेत का ते तपासा, आणि मगच पैसे द्या.